टँकरच्या पाण्यावर ढकललेलं दुखणं

अक्काची तब्येत जरा बरी नाही, भेटून येतो, असं घरी सांगून मी पुण्याहून संभाजीनगरच्या एसटीत बसलो. लागोपाठ तिसरं कोरडं वर्ष होतं आणि मे महिना. खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघण्यात माझं लक्ष नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दीड वर्षापूर्वी तिचा फोन आला होता. संडासवाटे रक्त जातंय, म्हणाली. आमच्या घरात असलं कोणी बोलत नाही. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगायची तिला लाज वाटत होती. "तू ये एकदा. डॉक्टरकडं तूच चल माझ्यासंगं." मी शाळामास्तर. दहावीची परीक्षा होऊन पेपर तपासून होऊ देत, म्हणालो. मूळव्याध असेल, चूर्ण घे, म्हणालो. पेपर तपासून झाले, सुट्टी गेली, पुढच्या वर्षीचे पेपरही आले. तिनं पुन्हा विचारलं नाही. मीही नाही. आता दाजींचाच फोन आला होता: "चक्कर येऊन पडली. लई बारीक झालीय. टँकरचं पाणी बाधलं, दुसरं काय!"

कायगावच्या पुलावर आख्खी बस खिडक्यांकडे झुकली. जिथं मी धरणामागं पसरलेलं गोदावरीचं पाणी डोळे भरून पाहिलं होतं, तिथं भेगाळलेला गाळ होता आणि मधेमधे हिरवे तुकडे. शेजारी गंगापूरच्या एक मावशी बसल्या होत्या.

"ते काय पेरलंय?" मी विचारलं.

"गाळपेर. धरणाचं पाणी वसरलं की उघड्या गाळात पेरत्यात. नदी गेली, पर टरबुजं देऊन गेली बघा." आणि पिशवीतलं एक टरबूज त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "घ्या. कोणाकडं चाललात?"

"बहिणीकडं."

"मग तर रिकाम्या हातानं जाऊच नगा."

वाळूजचे कारखाने मागे पडले आणि शहर सुरू झालं. मागच्या खेपेला जिथं ज्वारी होती तिथं आठ-आठ मजली इमारती. एका इमारतीवर पोहण्याच्या तलावाची रंगीत जाहिरात, तिच्याखाली टँकरची रांग. रिक्षावाल्याला मी सहज म्हणालो, इथं पोटाचे आजार फार झालेत म्हणे. तो हसला. "अरे साब, इधर जिसका पेट ठीक है ना, लोगां उसकोच पूछते, तू पानी कहाँ का पीता रे?"

बायपासपलीकडच्या नव्या वस्तीत अक्काचं घर. दारात निळी टिपाडं (पाणी साठवायची पिंपं) ओळीनं मांडलेली. अक्कानं टरबूज घ्यायला हात वर केले आणि तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मी तिकडं बघतोय हे पाहून तिनं पदर ओढला.

"पोट सुटलं की रे रम्या तुझं! पुण्याचं पाणी मानवलेलं दिसतंय."

जेवायला येसरची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आणि भाकरी. तिनं स्वतः ताकात कुस्करलेली अर्धी भाकरी घेतली, तीही पुरी नाही. जेवताना दोनदा उठून गेली. दाजी आमटी ओरपत म्हणाले, "आमच्या गल्लीत सगळ्यांचीच पोटं बिघडलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याला दौलताबाद दाखवायचं दाजींनी ठरवूनच टाकलं होतं. किल्ला नेहमीसारखाच उभा, खंदक मात्र ठणठणीत. पहिल्या दरवाजापर्यंतच्या साध्या चढावर अक्का तीनदा थांबली, मग पायरीवर बसली. ओठ पांढरट. दाजी ज्यूस आणायला मागं गेले, तेव्हा मी विचारलं, "रक्त थांबलं का गं?"

"नाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं की."

ती हे रागानं बोलली नाही. समोर माकडं भांडत होती, ती बघत बसली.

दाजी आले आणि पुन्हा टँकरच्या पाण्याचा विषय काढू लागले. मी म्हणालो, "दाजी, गल्लीतल्यांची पोटं बिघडली आणि चार दिवसांत बरी झाली. त्यांच्यापैकी कोणाच्या बांगड्या गळून पडतात का?" दाजींनी ज्यूसचा ग्लास तिच्या हाताशी धरला आणि तिच्या मनगटाकडं बघतच राहिले. किल्ला तिथंच सोडून आम्ही शहरात परतून उस्मानपुऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो.

"रक्त कधीपासून जातंय?" मी रक्ताचं सांगताच बाईंनी विचारलं.

दाजी दचकले. अक्कानं फरशीकडं बघत सांगितलं, "झाले असतील पंधरा दिवस."

ती मला वाचवत होती. गप्प बसलो असतो तर सहज निभावलं असतं.

"दीड वर्ष," मी म्हणालो. "तिनं मला फोन केला होता. सोबतीला बोलावलं होतं. मी आलो नाही."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. अक्का पुटपुटली, "त्याचे पेपर व्हते." बाईंनी पंधरा दिवस खोडून दीड वर्ष लिहिलं. आणखी विचारल्यावर, रात्रीही जुलाबाला उठावं लागतं, असं अक्कानं सांगितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "पाण्यानं बिघडलेलं पोट असं दीड वर्ष चालत नाही. झोपेतून उठवणारे जुलाब, उतरत जाणारं वजन, थकवा, रक्त. यातलं एकही चूर्णावर सोडायचं नसतं."

मी मुक्काम वाढवला. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. त्या चार दिवसांत दाजी माझ्याशी कामापुरतंच बोलले. कर्करोग नव्हता. मोठ्या आतड्याला जुनी सूज आणि जखमा होत्या. औषध बहुधा कायमचं. लवकर आला असतात तर एवढं पसरलं नसतं, असं बाई म्हणाल्या. मी मान खाली घातली नाही. ऐकून घेतलं.

निघताना दाजी स्कूटरवरून बसस्टँडवर सोडायला आले. बॅग हातात देताना म्हणाले, "राग हाय तुमच्यावर, खोटं कशाला बोलू. पर मी तर एका ताटलीच्या अंतरावर बसून जेवत व्हतो." स्कूटरला किल्ली लावत पुढं म्हणाले, "पुढल्या महिन्यात तपासणी हाय. तुम्ही आला नाहीत तर ती बोलवणार नाय, एवढं ध्यानात ठेवा."

प्रवासवर्णनात माणूस काय पाहिलं ते लिहितो. मला, काय ऐकूनही ऐकलं नाही, ते लिहायचं होतं. पुण्याची गाडी फलाटाला लागली होती. ती मी जाऊ दिली, आरक्षणाच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो आणि पुढच्या महिन्याचं, पुण्याहून इकडं येण्याचं तिकीट काढलं.