माय समोरच उभी होती

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. कुणी भुताखेतांचं काढलं की पहिली थट्टा माझीच असते. पण हे थट्टेवारी नेता येत नाही... आणि लिहिताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते.

मागच्या हिवाळ्यात मायला घेऊन श्रीलंकेला गेलो. जंगल, समुद्र, जुनी शहरं अशी सगळी टूर होती. तिला मात्र अनुराधपूरचा बोधिवृक्ष तेवढा पाहायचा होता. आयुष्य आष्टीकडच्या खेड्यात निंदण-खुरपणात गेलेलं. "पाह्य ना बाप्पा, केवढाले फणस लटकून राह्यले!" असं ती बसमध्ये मोठ्यानं बोलायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

अनुराधपूरला पोचलो तेव्हा पौर्णिमा होती. माय पांढरी साडी नेसली, घरी विहारात जाताना नेसते तीच. चपला ठेवायच्या जागी दुसऱ्या ग्रुपमधल्या, पुण्याच्या एक प्राध्यापिका भेटल्या. इतिहासावर छान गप्पा रंगल्या होत्या, तेवढ्यात माय आलीच.

"मोजे काऊन काढले? फरशी तापली ना, पाय पोळतीन तुहे!"

मॅडम हसल्या. "या कोण?"

"आमच्या गावाकडच्या आहेत," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून, देव जाणे.

आत गेलो आणि वळून पाहतो तर माय नाही. पौर्णिमेमुळे तिथले सगळेच पांढऱ्या कपड्यांत... भर दुपारी मी वेड्यासारखा फिरलो. गाइड दुसऱ्या दाराशी शोधत होता. त्याला पाठवायला गर्दीचा व्हिडिओही काढला, एकेक चेहरा बघत. "मम्मी! मम्मी!" म्हणून हाका मारल्या. चारचौघांत 'माय' म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी रडूच फुटलं आणि घशातून आपोआप निघालं, "माय!"

ती समोरच उभी होती. हात लांब केला असता तर लागली असती.

"कुठं गेलती तू?"

"कुठं जाईन बाप्पा? इथंच तं हावो." हातातलं पिंपळाचं गळलेलं पान तिनं पदरात बांधलं. "चाल, भूक लागली असंल तुले."

हॉटेलवर तो व्हिडिओ पाहिला. अगदी मधोमध माय आहे! हात हलवते आहे, माझं नाव घेते आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि पुढे जातो. म्हणजे मी थेट तिच्याकडे पाहत होतो... आणि मला ती दिसली नाही.

डॉक्टर मित्र म्हणतो, ऊन, घाबरगुंडी, होतं असं. असेल. मला पटत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही. व्हिडिओ मी कुणालाच दाखवलेला नाही, मायलाही नाही. कारण शेवटी कॅमेरा पुन्हा तिच्याकडे वळतो, आणि तिचा हात खाली येतो. शेजारची एक म्हातारी तिच्या खांद्यावर हात ठेवते, आणि माय तिला आपल्या बोलीत, हळूच सांगते...

"राहू द्या बाई. तो ओळखत नाई मले."