गजूच्या मरळी

आमच्या तलावातले शेवटचे मासे सध्या आमच्या विहिरीत आहेत, आणि त्यांना परत तलावात नेणारा माणूस काल गेला.

गजानन. माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्या वर्गात गजानन ढिगाने होते, पण गजू हा एकच.

घर भोयांचं. बाप, आजा, सगळे गावच्या तलावावर जाळं टाकणारे.

काल सकाळी धाड गावच्या बाजारात मासळीचं दुकान मांडता मांडता छातीत कळ आली. जीपमध्ये घालून बुलडाण्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच्या पाटीतले मासे धरणावरून विकत आणलेले होते. गेली कित्येक वर्षं त्याचं असंच चाललं होतं. गावच्या तलावावर पोट भरत नव्हतं.

तलाव आमचा लहानच. बीटी बियाणं आलं तशी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पार काठापर्यंत गेली. मोटरी लावून पाणी ओढायचं आणि फवारणीचे पंप त्याच पाण्यात धुवायचे. सुरुवातीला फवारणी जरा कमी झाली होती. मग गुलाबी अळी आली आणि पंप परत पाठीवर आले.

गजू काठावर उभा राहून सगळ्यांना शिव्या घालायचा. आम्हालाही. आणि संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बसून चहा प्यायचा.

मे महिन्यात तलावात भिंतीजवळ तेवढं डबकं उरतं. त्या डबक्यात अख्खं गाव उतरायचं. जुनी लुगडी, मच्छरदाण्या, टोपली, जे हाताला येईल ते घेऊन. शेवटचा मासा निघेपर्यंत.

ही आमच्याकडची जुनीच रीत. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

एका वर्षी गजूने गावाच्या आधी जाळं टाकलं. थोड्याशाच मरळी निघाल्या. त्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकल्या, ड्रम बैलगाडीत चढवला आणि थेट आमच्या मळ्यात आला. बाबांना म्हणाला, पाऊस पडेपर्यंत यांना तुमच्या विहिरीत राहू द्या, नाहीतर पुढच्या साली तलावात नुसते बेडूक उरतील.

बाबा हो म्हणाले. गाव मात्र गजूवर भडकलं. बरेच दिवस त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हतं.

त्या साली पाऊस लांबला. विहिरीच्या भरवशावर आम्ही कापूस आधीच लावला होता. विहीर तळाला गेली. मोटर लावली तर मरळी उघड्यावर, नाही लावली तर रोपं जळणार.

बाबा स्टार्टरजवळ उभे. हात वर जायचा आणि खाली यायचा. मी पुण्याहून सुट्टीवर आलो होतो, बघत होतो.

गजू आला. विहिरीत वाकून पाहिलं.

“मोटर लावा काका,” तो म्हणाला. “पऱ्हाटी वाळली त तुमचं साल जाईन. मासे मी काढतो.”

खाली उतरला आणि एकेक मरळ ओल्या पोत्यात गुंडाळून वर दिली. सगळ्या स्वतःच्या घरी नेऊन हौदात सोडल्या.

त्याची बायको सुनीता खवळली. नळाला पाणी येणार कधीतरी, आणि प्यायच्या हौदात मासे! मग हा रोज सायकलवर हापशाचं पाणी आणत राहिला.

त्यात लग्नसराई. धाडचा एक व्यापारी मरळी न्यायला जीप घेऊन दारात आला. म्हणशील तो भाव द्यायला तयार. गजूने त्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला.

तलावात पाणी आल्यावर त्याने त्या सोडल्या. पुढे एक दिवस मला आणि बाबांना काठावर घेऊन गेला. पाण्यावर तांबड्या पिल्लांचा पुंजका, कोणी कुंकू सांडल्यासारखा. खाली मरळीची जोडी राखण करत फिरत होती.

गजू तेव्हा रडला. मी त्याला रडताना तेवढंच पाहिलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मरळी माहेरपणाला आमच्या विहिरीत. पाणी फार खाली गेलं की गजू येऊन काढून न्यायचा. बाबांनी तलावात पंप धुणं बंद केलं. बाकी गावाने नाही केलं.

पुण्यात राहून माझं बोलणं बदललं. फोनवर मी “कसा आहेस?” म्हटलं की पलीकडून यायचं, “नीट बोल ना बे.”

आता हे मला कोण म्हणणार? फार एकटं वाटतंय.

आज सकाळी बाबांबरोबर मळ्यात गेलो. यंदाही मृग कोरडाच. रोपांनी माना टाकल्यात, विहीर तळाला, आणि त्या तळाशी मरळी. मी म्हटलं, मी उतरतो. बाबा म्हणाले, तुला जमणार नाही, हातातच मरतील.

खरं होतं ते. ते काम गजूचंच.

बाबा स्टार्टरपाशी गेले. मला वाटलं, आता मोटर सुरू होणार. त्यांनी फ्यूज काढले आणि खिशात टाकले.

“पऱ्हाटीचं बी पुन्हा टोबता येते,” ते म्हणाले. “मरळ कुठून आणू?”

मग बांधावर बसून पोटच्या पोरासाठी रडावं तसे रडले.

गजू, मी सुट्टी वाढवून घेतली आहे. मरळ धरायला शिकेन, आणि पाऊस आला की तुझ्या मरळी तलावात सोडूनच पुण्याला जाईन.

तू आता निवांत जा, मित्रा.