नानांचा ‘अंगचोर’

नाना गेल्याचा निरोप सुरतेतल्याच गोडादऱ्याहून त्यांच्या मुलानं फोनवर दिला, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते भलतंच... आता मला त्या शब्दाचं कोण सांगणार? माझी मलाच लाज वाटली.

नाना आणि मी सुरतेत एकाच मराठी शाळेत मास्तर. ते धुळ्याकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. ‘अंगचोर’ हा त्यांचा लाडका शब्द. कवायतीत हात अर्धाच वर करणारं पोरगं अंगचोर, वर्गातला कुरकुरणारा पंखा अंगचोर आणि मी तर रोजचाच. “या अंगचोर मास्तर, चहा तरी पुरता प्या!” एकदा मी विचारलं, “नाना, कामचुकार आणि अंगचोर यांत फरक काय हो?” ते म्हणाले, “कामचुकार पळून जातो. अंगचोर तिथंच उभा ऱ्हातो, अन् जोर दुसऱ्याला लावू देतो.” मग जास्त वाईट कोण? नाना हसले. “पळणाऱ्याला निदान भीती तरी असते.”

पुढं प्लेगचं साल आलं. घरोघर गोळ्या वाटायला आम्हा मास्तरांना एकेक गल्ली नेमून दिली. त्याच दुपारी मी बायको-लेकीला घेऊन भुसावळची गाडी गाठली. नानांना सांगितलंसुद्धा नाही. भ्यालो होतो, दुसरं काय! महिन्यानं परतलो तो धास्तावूनच. आता जाब विचारणार. पण कुणी चकार शब्द काढला नाही. नानांनी एवढंच विचारलं, “पोरगी बरी आहे ना?” आणि त्या दिवसापासून मला अंगचोर म्हणणं सोडलं. पोरं राहिली, पंखा राहिला, मी तेवढा सुटलो. का? माफ केलं, की कामचुकारांत जमा केलं? चार वर्षं विचारायचा धीर झाला नाही.

तेराव्यानंतर नानांच्या घरी गेलो, तेव्हा काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विचारलंच.

“आता त्याला लागंल, म्हणायचे,” काकू म्हणाल्या. “खोटं असतं तवरच चेष्टा करावी, भाऊ.”

मग त्यांनी खुंटीवरची नानांची कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत गोळ्या वाटपाच्या दोन याद्या होत्या, कार्बन कॉपी. एक नानांच्या गल्लीची, दुसरी माझ्या गल्लीची. माझ्या यादीतही प्रत्येक घरापुढं खूण. एका ठिकाणी लिहिलेलं, ‘तिसरा मजला, कुलूप, दोनदा गेलो.’ गुडघे धरून जिना चढणारा माणूस तो! आणि खाली सहीच्या जागी नाव माझं... अक्षर नानांचं.

पिशवी आता माझ्या घरी खुंटीला आहे. नाना, एकदा तरी म्हणा हो... अंगचोर मास्तर.