न बुडणाऱ्या माशीचं औषध

सुभेदारांनी काउंटरवर एक माशी ठेवली आणि म्हणाले, "हिला औशद द्या."

रहिमतपूरच्या बाजारात माझं मेडिकल स्टोअर होतं. सत्तरच्या दशकात आम्ही केमिस्ट नुसत्या गोळ्या विकत नसू. मलमं, मिक्स्चर हातानं बनवायचो, त्यामुळे चमत्कारिक मागण्यांची सवय होती. तरी माशी हा पेशंट पहिलाच. जवळून पाहिली तर ती खरी नव्हतीच. बारीक गळाला कोंबड्याची पिसं दोऱ्यानं गुंडाळून केलेली ती नकली माशी होती. साहेब लोक ती पाण्यावर सोडून मासे धरत.

"पान्यात टाकली की बुडतिया," सुभेदार म्हणाले. "तरंगाय पायजे. सायबाकडं इलायती औशद असायचं. आता ते मिळंना."

"बुडली तर काय बिघडतं? मासे खालीही असतातच की."

मग सुभेदारांनी सगळं सांगितलं. फौजेतले त्यांचे मेजरसाहेब रिटायर होऊन पुण्यात राहत. काश्मीरला असताना त्यांनीच सुभेदारांना हा नाद लावला होता. आता मधुमेहानं साहेबांच्या बोटांतली जाणीव गेली होती. दोरीला ओढ बसली तरी हाताला कळायची नाही. माशी वर तरंगत राहिली, तरच ती गडप झालेली डोळ्यांना दिसणार आणि साहेब गळाची काठी उचलणार.

"गेल्या साली दोन दिस बसलं नदीवर. एकबी गावला न्हाई. जाताना म्हनलं, सुभेदार, आता काठी तुमीच ठिवून घ्या. लय वंगाळ वाटलं बगा. ह्या रविवारी येत्यात, माझ्या आग्रहानं."

मलाही वाईट वाटलं. केस घेतली.

ही माशी पिसांच्या टोकांवर पाण्यावर उभी राहते. पिसं भिजली की संपलं. म्हणजे पिसांना पाणी लागू द्यायचं नाही, पण ती एकमेकांना चिकटूही द्यायची नाहीत. आधी व्हॅसलीन लावून परातीतल्या पाण्यात सोडून पाहिलं. माशी तरंगली, पण पिसं चिकटून तिची पार रया गेली. मग लिक्विड पॅराफिन, म्हणजे पोट साफ व्हायला देतात ते तेल. त्याचा इंद्रधनुष्यासारखा तवंग परातभर पसरला. "मासं काय आंधळं हायती व्हय?" सुभेदार म्हणाले.

शेवटी पांढऱ्या मेणाचा कीस थोड्या पेट्रोलमध्ये टाकला आणि बाटली उन्हात ठेवली. स्टोव्ह आधीच लांब नेला होता. मेण विरघळलं. माशी त्यात बुचकळून वाळवली की पेट्रोल उडून जातं आणि पिसांवर मेणाचा नुसता हात फिरल्यासारखा थर राहतो. माशी परातीत दुपारभर तरंगली. मी बाटलीवर सवयीनं 'पोटात घेऊ नये' असं लेबल लावलं, ती सुभेदारांना दिली आणि स्वतःवर खूश झालो.

शनिवारी सकाळी सुभेदार परत हजर. चेहरा कोर्टमार्शलचा.

"केमिस्टसाब, तुमचं औशद फेल. नदीत टाकली की गेली खाली. समद्या डबीतल्या माशांची तीच गत."

मला ते लागलं. एक माशी घेऊन मी नाकाशी धरली. केमिस्ट आधी वास घेतो. पेट्रोलच्या मागून चंदनी साबणाचा वास आला.

"सुभेदार, या धुतल्यात का?"

"मग? सायबाच्या म्होरं न्यायच्या हायती. चांगल्या साबनानं घासून काढल्या आन मग तुमचं औशद लावलं. किट साफ नगं?"

साबणाचं कामच मुळी पाण्याला मेणकट जागी शिरकाव करून देणं. पिसांत राहिलेला साबण पाण्याला आत बोलावत होता. माझं मेण दारावर पहारा देत होतं, पण चोराचा भाऊ घरातच होता.

आम्ही दोघांनी साध्या पाण्यात सगळ्या माशा खळबळून काढल्या. वास जाईपर्यंत पाणी बदललं. कडक उन्हात वाळवल्या आणि पुन्हा मेण दिलं. सुभेदारांना मी साबणाला हात लावायची बंदी केली. त्यांनी ती ऑर्डर म्हणून घेतली आणि हात राखेनं धुतले.

रविवारी दुकान बंद करून मीही कृष्णेवर गेलो. मेजरसाहेब बारीक अंगाचे, कमी बोलणारे. काठी धरताना पुन्हा पुन्हा स्वतःच्या बोटांकडे पाहत होते. माशी पाण्यावर पडली आणि उभी राहिली.

"दिसतेय," साहेब म्हणाले.

बराच वेळ ती तशीच डुलत राहिली. मी मनातल्या मनात पेट्रोलचं प्रमाण तपासत होतो. आणि एकाएकी माशी नाहीशी झाली. सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरकलो.

"केमिस्टसाब, पुन्ना बुडाली..."

"बुडाली नाही, सुभेदार," साहेब काठी उचलत म्हणाले. "घेतली."

काठी वाकली. मासा तळहाताएवढाच होता. साहेबांनी तो ओल्या हातात धरून डोळे भरून पाहिला आणि पाण्यात सोडून दिला. सुभेदार नदीकडे पाठ करून उगाच पिशवी आवरत होते. मला तर डिग्री मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी निघताना सुभेदारांनी काठी गाडीत ठेवली. साहेबांनी या खेपेला ती परत दिली नाही.

तेव्हापासून दुकान होतं तोवर, कुणी मलम मागितलं की मी आधी विचारायचो, "घरून काय लावून आलात?" उत्तर ऐकल्यावर बरेचदा मलमाची गरजच उरायची नाही.