गिरणीच्या मागच्या भिंतीतलं भोक

सन ऐंशीच्या सुमाराला पोलादपूर रस्त्यावरच्या एका पडक्या भातगिरणीची मोजणी करायला आमच्या खात्याने मला पाठवलं. छप्पर गेलेलं, बॉयलरवर झाड उगवलेलं, धुराडं मात्र ताठ. सरकार तिची डागडुजी करणार होतं आणि त्याआधी सगळं होतं तसं कागदावर उतरवायचं होतं. आम्ही तिघं होतो. मी आरेखक, एक फोटोग्राफर आणि पुण्याहून आलेले साहेब. साहेब मनाने वाईट नव्हते, पण पुराव्याशिवाय त्यांना सूर्य उगवलेलाही पटत नसे.

मागच्या भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर एक भोक होतं, बाहेरच्या बाजूला उतरतं. साहेबांनी नकाशावर लिहायला सांगितलं, ‘पडझड. बुजवावी.’ माझं डोकंच फिरलं. ते भोक मी पाहिलेलं नव्हतं, पण लहानपणापासून ऐकून होतो. आमच्या वस्तीतल्या बाया इथे बॉयलरसाठी कोंडा वाहायला यायच्या, त्यांत माझी आईही. तळ्याचं पाणी सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून झालेल्या सत्याग्रहाला कितीतरी वर्षं लोटली होती, तरी विटाळ होतो म्हणून त्यांना माठाजवळ येऊ देत नसत. आतला माणूस भोकातून पाणी ओतायचा आणि या बाहेर ओंजळ धरून वाकायच्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. ऐकीव गोष्ट चालत नाही, म्हणाले. आईंनी स्वतः येऊन सांगावं, पाणी कसं पीत ते वाकून दाखवावं, फोटो निघेल, मग भोकही राहील आणि त्याचं कारणही लिहिता येईल. मला ते रास्त वाटलं. दर मार्चला सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर सगळ्यांच्या पुढे असणारी माझी आई इथे कच खाणार नाही, अशी माझी खात्री होती.

ती एसटीने आली. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. साहेबांनी अदबीने विचारलं, “आई, तुम्ही इथेच पाणी प्यायचात ना?”

“मला काय म्हायत नाय,” ती म्हणाली.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. साहेब माझ्याकडे बघेनात.

एसटीच्या थांब्यावर मी तिच्यावर भडकलो. तू मला खोटं पाडलंस, म्हणालो.

“वाकून पानी प्यायले, ते प्यायले,” ती म्हणाली. “पन फोटूत मी कायमची वाकलेली ऱ्हाईन रे. तुझी पोरं बघतील.”

तिचं म्हणणं पटलं आणि राग मात्र गेला नाही. नकाशात ते भोक ‘पडझड’ म्हणूनच गेलं. पुढे गवंड्यांनी दगड आणि चुना घालून ते इतक्या सफाईने बंद केलं की मलाही जागा शोधावी लागली.

ते पाहून घरी गेलो त्या दिवशी आईने विचारलं, “बुजवलं काय?”

हो म्हणालो.

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.