शिंपल्यांची टेकडी

तिसऱ्यांचे शिंपले धुताना सिंकमधून खाडीचा वास आला की मला ती बाई आठवते. २००४ साल असेल. फ्रीमाँटहून आम्ही दोघं खाडीकाठच्या एका नव्या मॉलमध्ये सेलसाठी गेलो होतो. पार्किंगमध्ये एक ओलोनी बाई, म्हणजे इथल्या मूळ अमेरिकन रहिवाशांपैकी, पत्रकं वाटत उभी होती. नवं माणूस भेटलं की आपण विचारतो तसं मीही विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

तिने पायाखालच्या डांबराकडे बोट दाखवलं. "हेच. इथे शिंपल्यांची टेकडी होती. आमची माणसं तिच्यात पुरलेली आहेत."

माझा नुसता जळफळाट झाला. माझा व्हिसा संपत आलेला, प्रत्येक फॉर्मवर मी परकी, आणि हिला एकही कागद न दाखवता 'हेच' म्हणता येतं! पत्रक न घेताच मी पुढे निघाले.

"नशीबवान आहे यार ती," मी नवऱ्याला म्हटलं.

आज शिंपले कचऱ्यात टाकताना हात अडखळतो. मालवणला माझं गाव अजून जागच्या जागी आहे. तिच्या गावावर आम्ही गाडी लावली होती, आणि सावलीतली जागा मिळाली म्हणून खूशही झालो होतो.