बुरुलकानची दहा मिनिटं

बुरुलकानचं एक होतं. कुणी थोरल्या बहिणीला म्हणावं तसं "एजे, जरा हात लावा ना" म्हटलं, की तिचे हात आधी कामाला लागत आणि डोकं मागाहून तापे. नारीनच्या बाजारामागे तिचं पासपोर्ट-फोटोचं दुकान होतं. छायाचित्रकार संघाचं अधिवेशन दरवर्षी शरदात बिश्केकला भरायचं आणि आदल्या दिवशी शेअर गाडीने खिंड ओलांडून ती हजर व्हायची. येताना वाटेत स्वतःला बजावायची, या खेपेला खुर्चीतून उठायचं नाही. सकाळी दारातच कुणीतरी गळ्यात स्वयंसेवकाची पट्टी अडकवायचं, आणि पहिलं भाषण सुरू होण्याआधी एजे किटली घेऊन चहा वाटत असायची.

ती काही भोळीभाबडी नव्हती. फुकटची हमाली तिलाही कळत होती. पण तिला संघाकडून एक गोष्ट हवी होती: दहा मिनिटं, मोठा पडदा आणि समोर बसलेले धंद्यातले लोक.

पासपोर्टच्या फोटोला माणूस बसतो तो शिक्षा ऐकायला बसल्यासारखा. हनुवटी वर, खांदे ताठ, हसायचं नाही, श्वाससुद्धा कोंडलेला. खटका दाबला की बुरुलकान म्हणायची, "झालं!" आणि त्या 'झालं'बरोबर माणूस सैल पडायचा. खांदे उतरायचे, तोंडावर त्याचा स्वतःचा चेहरा परत यायचा. तेव्हा ती गुपचूप दुसऱ्यांदा खटका दाबायची. पहिला फोटो सरकारचा, दुसरा तिचा. आवडला तर सांगून, विचारून ठेवून घ्यायची. रशियात कामाला निघालेली पोरं, हजला निघालेले म्हातारे, पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा कागद काढायला आलेल्या बायका. त्यातले किती तरी परत आलेच नाहीत. तीस वर्षांत तिने हे फोटो धंद्यातल्या एकाही माणसाला दाखवले नव्हते. घरचे "छान" म्हणत, पण घरचे जेवणालाही छानच म्हणत. तिला जाणत्यांचे डोळे हवे होते.

आणि जाणते सगळे लग्नवाले फोटोग्राफर. "एजे, तुमच्या फोटोतली माणसं पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसतात," असं म्हणून खिदळणारे. ती चहा ओतता ओतता म्हणायची, "आणि तुमच्या फोटोतल्या नवऱ्या दुकानातल्या बाहुल्यांसारख्या. घे, साखर घे, जिभेला तेवढंच वळण लागेल."

संघाचा अध्यक्ष कासिमबेक. वयाने तिच्याहून लहान, पण अध्यक्ष म्हणून सगळ्यांचा 'बाइके', म्हणजे थोरला भाऊ, तिचाही. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दरवर्षी छातीवर हात ठेवून सांगायचा, "एजे, पुढच्या वर्षी नक्की." एकदा कॅमेरेवाल्या कंपनीचं प्रात्यक्षिक लांबलं, एकदा वीज गेली, एकदा सत्कार वाढले. पुढचं वर्ष दरवर्षी पुढेच राहिलं.

यंदा मात्र कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव छापलं होतं. जेवणानंतर बुरुलकान, मग बाहेर सगळ्यांचा एकत्र फोटो. शिवाय कासिमबेकने तिच्या हातात शाळेतली पितळी घंटा दिली. "वेळेचं तुमच्याकडे. कुणीही लांबवलं की वाजवा. मी लांबवलं तरी वाजवा."

"वाजवीन हं."

"वाजवाच!"

सकाळी तिने मनसोक्त वाजवली. फ्लॅशचे दिवे विकायला आलेला माणूस दर वाक्याला "आणि शेवटचं" म्हणत होता. तिसऱ्या शेवटच्याला घंटा. अल्माटीहून आलेल्या पाहुण्याने सावलीवर बोलता बोलता स्वतःच्या घटस्फोटाला हात घातला, घंटा. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं जागेवर होतं. पडद्याचं यंत्र सांभाळणाऱ्या सामातने तिचे फोटो आपल्या यंत्रात घालून घेतले आणि पहिले दोन बघून त्याने मान वर केली. "एजे, हे कधी काढलेत?" किटली उचलताना तिला ती हलकी लागली.

मग व्याही आले.

कासिमबेकच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. तिचे सासरे शार्शेन तलासहून शहरात आले होते. नव्या व्याह्यांना वेगळी मेजवानी द्यायची, तर वेगळा हॉल, वेगळं मेंढरू, वेगळी धावपळ. कासिमबेकने हिशेबी डोकं चालवलं आणि त्यांना सहकुटुंब अधिवेशनाच्याच जेवणाला बोलावलं. शार्शेन आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले होते, आणि तेही त्यांना आवडलं नव्हतं. पण व्याही ते व्याही. त्यांच्यापुढे अल्माटीचा पाहुणा काय आणि संघ काय!

"एजे, जरा हात लावा ना," कासिमबेक धावत आला. "दाराच्या समोरची मानाची जागा रिकामी करा. अल्माटीवाल्याला जरा खाली सरकवा."

"खाली म्हणजे कुठे? दाराशी बसवू? तो तिथे चपला राखायला आलाय का?"

"तुम्ही कराल काहीतरी. तुम्हाला जमतं."

जमतं, हीच तर तिची खोड. तिने अल्माटीवाल्याची समजूत घातली, टेबलं सरकवली, व्याह्यांच्या खांद्यावर घालायला मखमली चापान आणि डोक्यावर ठेवायला पांढरी कल्पाक टोपी शोधून आणली. विहीणबाईंचा चापान अपुरा पडला, तेव्हा सकाळच्या एका सत्कारमूर्तीच्या अंगावरून गोड बोलून उतरवला. मग मांसाच्या वाटपावर घोडं अडलं. कुठलं हाड कुणाला, ते वयावर ठरतं; आणि हे लग्नवाले सगळे केस रंगवलेले! दोन बुजुर्ग मांडीच्या हाडावरून "तू थोरला, मी धाकटा" करत बसले, कारण मान हवा पण वय नको. व्याह्यांनी मात्र खणखणीत आवाजात आपलं वय सांगितलं, "साठ पूर्ण!" आणि सगळ्यांत मानाचं ताट घेतलं. बुरुलकानला वय कुणी विचारलं नाही. त्रेसष्ट वर्षांची बुरुलकान ताटं वाहत होती. ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पिठाचे दोन तळलेले बोर्सोक चहात बुडवून जेवली.

ताटं उचलली गेली. सामातने लांबून अंगठा वर केला. पडद्यावर तिचं नाव आलं. बुरुलकानने पदराला पुसावेत तसे ओले हात जाकिटाला पुसले आणि ती पुढे निघाली.

"एक मिनिट!" कासिमबेकने ध्वनिक्षेपक व्याह्यांच्या हातात दिला. "आमच्या व्याह्यांचे दोन शब्द."

शार्शेन उठले. आधी सुनेचं कौतुक झालं, मग मुलाचं, मग मुलाच्या घोड्याचं. घोड्यावरून चारा निघाला, चाऱ्यावरून दुष्काळ, आणि दुष्काळावरून जुन्या काळची माणसं. माणूस वाईट नव्हता, मनापासून बोलत होता, आणि तेच वाईट होतं. मनापासून बोलणाऱ्याला अंत नसतो.

बुरुलकानने घंटा उचलली. कासिमबेकने डोळे मोठे केले आणि मान हलवली. व्याह्यांवर घंटा? तिने घंटा खाली केली. व्याही घोड्याकडे परतले. तिने पुन्हा घंटा उचलली. कासिमबेकने हात जोडले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी हाच माणूस 'वाजवाच' म्हणाला होता!

मागच्या टेबलांवर हॉलची माणसं संध्याकाळच्या लग्नासाठी पांढरी कापडं अंथरू लागली होती. खिडकीपाशी बसलेले छायाचित्रकार व्याह्यांकडे बघतच नव्हते. ते डोंगराकडे बघत होते. बाहेर ऊन मऊ होत चाललेलं, एकत्र फोटोला याहून चांगला उजेड मिळणार नव्हता, आणि तो चालला होता. सगळे खुर्चीत चुळबुळत होते. उठणार कोण?

आता घंटेने भागणार नव्हतं. व्याह्यांना थांबवू शकेल अशी एकच गोष्ट आहे, हे तिला एकाएकी सुचलं: दुवा. थोरल्या माणसाने तळहात पसरले की बोलणाऱ्याने तोंड मिटायचं. आणि ते साठ, ती त्रेसष्ट.

घंटा बगलेत मारून बुरुलकान सरळ हॉलच्या मधोमध गेली आणि तिने दोन्ही तळहात पसरले.

"चला रे, हात पसरा!"

शार्शेनचं वाक्य अर्ध्यात तुटलं. ध्वनिक्षेपक काखेत धरून त्यांनीही तळहात पसरले. सगळ्या सभागृहाने पसरले. वाढप्यांनीसुद्धा कापडं टाकून पसरले.

"व्याह्यांचं घर भरलेलं राहो! पोरांचा संसार सुखाचा होवो! तुमच्या भिंगाला ओरखडा न पडो, तुमच्या डोळ्यांतला उजेड न सरो! ओमीन!"

"ओमीन!"

सगळ्यांचे तळहात चेहऱ्यांवरून खाली आले. आणि सगळे उठले.

उठणारच! दुवा झाली म्हणजे बैठक संपली, हे दूध पिता पिता कळलेलं असतं. दुवेनंतर पुन्हा बसायचं म्हणजे घेतलेला आशीर्वाद यजमानाच्या तोंडावर परत फेकणं. ते बुरुलकानलाही ठाऊक होतं, जन्मभर ठाऊक होतं. पण रागाच्या भरात तिला दुवेचा पहिलाच अर्धा भाग आठवला होता, तोंडं मिटवणारा.

"बसा! अहो, थांबा!" ती म्हणाली. कोट चढत होते, खुर्च्या सरकत होत्या. तिचं नाव पडद्यावर होतं आणि पडद्याकडे सगळ्यांची पाठ होती. तिच्या दहा मिनिटांवर तिनेच पाणी सोडलं होतं.

आणि तेव्हा तिने त्यांचे चेहरे पाहिले. तळहात नुकतेच खाली आलेले, कोंडलेला श्वास सुटलेला, खांदे उतरलेले. मान मागणारे, वय लपवणारे, तिच्यावर खिदळणारे, सगळे सैल पडलेले, सगळे आपापल्या चेहऱ्यात परत आलेले. तीस वर्षं ती ज्या क्षणाची वाट बघत खटका दाबत आली, तो क्षण आज हॉलभर उभा होता. तिचा कॅमेरा स्वयंपाकघरात किटलीशेजारी राहिला होता. तिच्याकडे घंटा होती.

कोट हातात घेऊन कासिमबेक तिच्याकडे झेपावत आला. तोही सैल पडला होता, तोंडभर हसत होता.

"एजे, वाचवलंत! कसं सुचतं हो तुम्हाला? चला, बाहेर सगळ्यांना जरा उभं करा, उंच माणसं मागे, तुम्हाला जमतं. आणि हे बघा," त्याने छातीवर हात ठेवला, "तुमचे फोटो पुढच्या वर्षी—"

बुरुलकानने घंटा वाजवली.

"नाही, ऐका तर, पुढच्या वर्षी अगदी पहिल्या—"

तिने त्याच्या नाकासमोर धरून वाजवली. दाराशी पोचलेली माणसं वळून बघू लागली. कासिमबेकचं हसू हळूहळू उतरलं आणि हात छातीवरून खाली आला. तो पूर्ण गप्प होईपर्यंत ती वाजवत राहिली. मग तिने गळ्यातली पट्टी काढली, घंटेला गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"वेळ संपली, बाइके."